सीडी वर्षानुवर्षं टिकवायच्या असतील तर

सीडी हातात घेतली की ती उलटी करून चकचकीत बाजूवर ओरखडे आहेत का ते बघायची आपल्या सगळ्यांना सवय असते. वरची, नाव छापलेली बाजू आपण बिनधास्त टेबलावर टेकवतो, तिच्यावर पेनने लिहितो, स्टिकर चिकटवतो. सीडीचा जीव मात्र त्याच वरच्या बाजूला, छपाईच्या अगदी खाली असतो.

मला हे फार उशिरा कळलं. २००४ साली आम्ही आजीला बोलतं करून तिच्या चार गोष्टी रेकॉर्ड केल्या आणि एका सीडीवर राइट केल्या. सीडी छान दिसावी म्हणून मी वर गोल कागदी लेबल चिकटवलं. काही वर्षांनी त्या लेबलाची कड सुटलेली दिसली. मी ती नखात धरून ओढली आणि लेबलाच्या चिकट बाजूला सहा-सात मिलिमीटरचा चंदेरी पापुद्रा चिकटून आला. सीडी दिव्यासमोर धरली तर कडेच्या त्या जागेतून आरपार दिसत होतं. खालची बाजू आरशासारखी स्वच्छ होती, एकही चरा नव्हता. तरी शेवटची बारा-तेरा मिनिटं गेली ती गेलीच.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या सीडी मी नव्याने लावल्या. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा. विशेषतः तिसरी पायरी गाळून पुढे जाऊ नका.

आधी सीडी आतून समजून घ्या

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. ही जवळजवळ सगळी जाडी पॉलीकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. त्या प्लास्टिकच्या वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळग्यांची एक वर्तुळाकार वाट असते. ती मधल्या भोकाजवळ सुरू होते, बाहेरच्या कडेकडे जाते आणि उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. दोन फेऱ्यांमधलं अंतर अवघं १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर ॲल्युमिनियमचा थर, तोही मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ. त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या द्रव्याचा, काही मायक्रॉनचा लेप आणि त्यावर छपाईची शाई. संपलं. वरून येणाऱ्या प्रत्येक संकटापासून तुमच्या आवाजाला वाचवणारं एवढंच काय ते कवच.

खालून मात्र १.२ मिलिमीटरचं भक्कम प्लास्टिक आहे. लेझरचा किरण खालच्या पृष्ठभागावर शिरताना सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आत खळग्यांपाशी पोचेपर्यंत दीड-दोन मायक्रॉनवर एकवटतो. त्यामुळे खालच्या बाजूवरचा धुळीचा कण किंवा बारीक ओरखडा किरणाला धूसर दिसतो, आणि बहुतेक वेळा किरण त्याला ओलांडून जातो. शिवाय माहिती लिहितानाच ती अशी विखरून ठेवलेली असते, की वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी उरलेल्या भागावरून ती पुन्हा जुळवता येते.

यातून दोन गोष्टी निघतात. मध्यापासून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा वाटेला आडवा छेदतो, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडंसंच नुकसान होतं. वाटेच्या दिशेने गेलेला गोलाकार ओरखडा मात्र सलग मजकूर खातो. सीडी पुसताना हात गोल का फिरवायचा नाही, त्याचं कारण हेच. आणि दुसरी गोष्ट: खालचा ओरखडा घासून कमी करता येतो, वरून गेलेला थर परत आणता येत नाही.

पहिली पायरी: कोणती सीडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

दिसायला सगळ्या सारख्या, पण साठवणुकीच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू आहेत.

कंपनीत छापलेल्या सीडीत खळगे साच्याने प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात. खालची बाजू स्वच्छ चंदेरी दिसते आणि भोकाजवळच्या कड्यावर कोरलेला क्रमांक असतो. ही सगळ्यांत काटक.

घरी राइट केलेल्या सीडी-आरमध्ये खळगे नसतातच. तिथे रंगद्रव्याचा थर असतो आणि राइट करताना लेझर तो जागोजागी भाजतो. खालची बाजू हिरवट, निळी किंवा सोनेरी दिसते. काही मात्र जवळपास चंदेरीच असतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. दिव्याखाली तिरकी धरा. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या छटेत फरक दिसला, मध्येच एक वर्तुळाकार सीमा दिसली, तर ती राइट केलेली आहे. रंगद्रव्य म्हटलं की ते उन्हात विटणार, उष्णतेने बिघडणार हे ओघाने आलंच.

तिसरी सीडी-आरडब्ल्यू, पुसून पुन्हा लिहिता येणारी. खालून गडद राखाडी. हिच्यातला धातूंचा मिश्रथर उष्णतेने आपलं रूप बदलतो, त्यावरच ती चालते. ती मुळात कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे जुन्या प्लेयरना ती वाचायला जड जाते. तुमचं काही मोलाचं हिच्यावर असेल तर ती साठवायच्या नादाला लागू नका, आजच दुसरीकडे हलवा.

कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट या जतनसंस्थेने आयुर्मानाचे अंदाज दिले आहेत. छापील ऑडिओ सीडीला ५० ते १०० वर्षं. सायनाइन किंवा अझो रंगद्रव्याच्या राइट केलेल्या सीडीला २० ते ५०. फ्थॅलोसायनाइन रंगद्रव्य आणि सोन्याचा परावर्तक थर असलेल्या सीडीला १०० हून अधिक. हे आकडे चांगल्या परिस्थितीत ठेवलेल्या, मुळात नीट राइट झालेल्या सीडींसाठी आहेत. गच्चीखालच्या माळ्यावर तापत पडलेल्या सीडीला ते लागू करू नका.

आता ढीग लावा. माझा क्रम असा: सगळ्यांत आधी घरच्या आवाजांच्या, फोटोंच्या, कागदपत्रांच्या राइट केलेल्या सीडी, कारण त्यांची जगात दुसरी प्रत नाही. मग दुर्मीळ छापील सीडी. बाजारात किंवा कुणाच्या तरी संग्रहात सहज मिळणारे अल्बम सगळ्यांत शेवटी, मग ते तुमचे कितीही लाडके असोत.

दुसरी पायरी: एकेक सीडी नजरेखालून घाला

सीडी कडेने आणि मधल्या भोकाने धरायची, दोन्ही पृष्ठभागांना बोट लागू द्यायचं नाही. खोलीत एक प्रखर दिवा ठेवा आणि सीडी त्याच्यासमोर धरून वरच्या बाजूने पाहा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथे धातूचा थर नाही. एक-दोन ठिपके कारखान्यातूनच आलेले असू शकतात, आणि सीडी नीट वाचली जात असेल तर त्यांना भ्यायचं कारण नाही. पण किती आहेत ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी ते वाढलेले दिसले, तर थर खराब होत चाललाय असं समजा.

मग रंग पाहा. मूळची चंदेरी सीडी कडेकडून तपकिरी, कांस्याच्या रंगाची होत असेल तर थर गंजतो आहे. ब्रिटनमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी अशाच काळवंडल्या. त्यांच्यावरचं लॅकर सोबतच्या पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला तोंड देऊ शकलं नाही. ही प्रक्रिया थांबवता येत नाही. अशी सीडी सापडली तर ती थेट कॉपीच्या रांगेत पहिली लावा.

दमट ठिकाणाहून आलेल्या सीडींवर पांढरट, फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसते का ते बघा. बेलिझमध्ये सापडलेल्या एका सीडीचा स्पॅनिश संशोधकांनी अभ्यास केला आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं: जिओट्रिकम जातीची बुरशी कडेतून आत शिरली होती आणि तिने ॲल्युमिनियमचा थर पोखरला होता. असं क्वचितच घडतं. तरी बुरशी लागलेली सीडी वेगळी काढा, तिची डबी टाकून द्या आणि ती बाकीच्यांच्या शेजारी ठेवू नका.

शेवटी मधलं भोक. डबीतून ओढून काढलेल्या सीडींना भोकाभोवती केसासारखी तडा गेलेली असते. प्लेयरमध्ये ऑडिओ सीडी मिनिटाला २०० ते ५०० फेऱ्या घेते, पण कॉम्प्युटरचा ५२ एक्स ड्राइव्ह तिला दहा हजारांपर्यंत फिरवतो. त्या वेगात तडा गेलेली सीडी आतच फुटू शकते. अशी सीडी लावायचीच असेल तर वेग अगदी कमी ठेवून, एकदाच, आणि तीही कॉपी करण्यासाठीच.

तिसरी पायरी: साठवण्याआधी कॉपी

ही पायरी सगळे पुढे ढकलतात. मीही ढकलली होती. डबी, कपाट, हवा यांचा विचार करण्यात महिने जातात आणि तेवढ्यात जी सीडी वाचली गेली असती ती वाचेनाशी होते. म्हणून आधी कॉपी.

गाण्यांची आणि आवाजाची सीडी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ती प्लेयरवर नीट वाजते म्हणजे ती नीट आहे, असं नाही. वाचता न आलेला आवाजाचा तुकडा प्लेयर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढतो आणि आपल्याला कळतही नाही. जेव्हा आवाज अडखळू लागतो तेव्हा ही सोयही संपलेली असते. म्हणून कॉपी करताना प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघणारं सॉफ्टवेअर घ्या. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवर सीडीपॅरानोया. छापील सीडीसाठी ॲक्युरेटरिपची सोय चालू ठेवा. त्यात तुमची कॉपी त्याच सीडीवरून इतरांनी काढलेल्या कॉपींशी जुळते का ते समजतं. फाइल फ्लॅक स्वरूपात ठेवा. त्यात आवाजाचा कणही कमी होत नाही आणि जागा कमी लागते. एमपी३ गाडीत ऐकायला ठीक, जपायला नाही.

फाइली असलेल्या सीडीची पूर्ण आयएसओ प्रतिमा काढा, म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी नक्कल एकाच फाइलीत. नुसत्या फाइली ओढून घेतल्या तर सीडीचं नाव, कधी कधी तारखा, आणि लपलेल्या फाइली मागे राहतात. ऑडिओ सीडीला मात्र ही आयएसओ पद्धत चालत नाही, तिथे वरचीच रीत.

सीडी अडत असेल तर लगेच हार मानू नका. वाचण्याचा वेग कमी करा. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसरा सहज वाचतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फाइलींची सीडी असेल तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उचलतं आणि मग अवघड जागांकडे परत परत जातं. एकाच सीडीची वाचनं दोन ड्राइव्हवर घेऊन ती एकाच प्रतिमेत जोडायचीही त्यात सोय आहे. आजीच्या सीडीचा तुटलेल्या भागाला लागून असलेला जवळपास दीड मिनिटाचा तुकडा मला असाच तिसऱ्या ड्राइव्हवर मिळाला.

कॉपी झाली की तिचा एसएचए-२५६ चेकसम काढून एका मजकूर फाइलीत ठेवा. हा त्या फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. पुढे कधीही तोच ठसा निघाला तर फाइलीत एक बिटही बदललेला नाही. कॉपी दोन वेगळ्या माध्यमांवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. मूळ सीडी, हार्ड डिस्क आणि बॅकअप एकाच कपाटात असतील, तर एका गळक्या नळाने तिन्ही जातील.

स्वच्छता, आणि ती कधी करायची नाही

स्वच्छ दिसणारी सीडी पुसू नका. प्रत्येक पुसण्यात थोडं घासणं असतंच.

धूळ असेल तर रबरी ब्लोअरने फुंकून उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. बोटांचे ठसे असतील तर धागे न सुटणारं मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड घ्या आणि मध्यापासून सरळ कडेकडे, चाकाच्या आऱ्यांसारखं पुसत जा. गरज पडली तर कापडाला थोडं डिस्टिल्ड वॉटर लावा. तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. काच पुसायचे स्प्रे, ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांना जवळ येऊ देऊ नका. पॉलीकार्बोनेट त्यांनी पांढुरकं होतं किंवा तडकतं. टूथपेस्टने ओरखडे जातात असं सांगणारे भेटतील. टूथपेस्ट म्हणजे बारीक खरवडणारी पूडच, ती एक खोल ओरखडा बुजवताना शंभर नवे पाडते.

वरची बाजू फक्त फुंकून साफ करायची. तिथे कापड लावावंच लागलं तर न दाबता.

सीडी पाण्यात भिजली असेल तर चिखल वाळू देऊ नका. पुस्तिका आणि डबी लगेच वेगळी करा, सीडी स्वच्छ पाण्यात बुडवून धूळ-माती सुटू द्या, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि सावलीत उभी ठेवून वाळवा. हेअर ड्रायर वापरू नका.

नाव कुठे लिहायचं

मधल्या भोकाभोवती जो पारदर्शक कडा असतो, जिथे धातूचा थर नाही, तिथे. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा पेन घ्या. उग्र वास येणाऱ्या मार्करमधलं द्रावण लॅकरमधून खाली झिरपू शकतं. बॉलपेनचं टोक वरून दाबलं की थराला खड्डा पडतो. तेवढ्याशा कड्यात सगळं मावत नाही, म्हणून तिथे फक्त क्रमांक घाला आणि बाकीची माहिती वहीत किंवा डबीवर लिहा.

कागदी लेबल लावू नका. त्याचा गोंद काळाबरोबर आकसतो, कागद ओल धरतो, आणि जरा वाकडं बसलं तर सीडी फिरताना हेलकावे खाते. आधीच लावलेलं असेल तर मात्र काढू नका. सुटलेली कडसुद्धा तशीच राहू द्या. असली सीडी फक्त कॉपी करा आणि पुढे लावायची टाळा. हे वाक्य मी २००४ च्या मला सांगू शकलो असतो तर फार बरं झालं असतं.

डबी

साधी, कडक प्लास्टिकची, मध्ये बटण असलेली डबी अजूनही सगळ्यांत चांगली. ती सीडीला फक्त मधल्या भोकात धरते, दोन्ही पृष्ठभाग अधांतरी राहतात. काढताना एका बोटाने मधलं बटण दाबा आणि दुसऱ्या हाताने सीडी कडेने उचला. सीडी वाकत असेल तर बटण पुरेसं दबलेलं नाही. बटणाचे दात तुटलेली डबी लगेच बदला, कारण तीत सीडी सैल फिरते आणि घासते.

मऊ पीव्हीसीच्या पाऊचमधून कालांतराने तेलकट द्रव्य सुटतं आणि ते सीडीला चिकटतं. कागदी पाकिटातून सीडी प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना घासते. पन्नास-शंभर सीडींचं चेन लावायचं पाकीट प्रवासाला ठीक आहे, पण त्यात वरच्या सीडींचा भार खालच्यांच्या नाजूक बाजूवर पडतो. पुठ्ठ्याच्या घडीच्या कव्हरमधले अल्बम असतील तर कव्हर मूळ रूपात जपा आणि सीडी वेगळ्या डबीत ठेवा.

जुन्या दोन-तीन सीडींच्या जाड डब्यांमध्ये फोमची चकती असते. ती उघडून आधी काढून टाका. हा फोम वर्षांनी चिकट भुगा होतो आणि सीडीच्या छापील बाजूला घट्ट बसतो. तो खरवडायला गेलं की त्याच्याबरोबर थर निघतो.

पुस्तिकेचं काय? कोरड्या जागेत ती डबीत असायला हरकत नाही. हवा दमट असेल तर कागद स्पंजासारखा ओल धरून ठेवतो, तेव्हा पुस्तिका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यावर तोच क्रमांक घाला.

डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडवी सीडी दीर्घकाळात वाकू शकते, विशेषतः उष्णतेत. ओळ इतकी घट्ट नको की डबी ओढून काढावी लागेल, आणि इतकी सैलही नको की सगळ्या एका बाजूला कलतील.

जागा निवडताना

माझ्या मते सगळ्यांत जास्त विचार इथे करायला हवा. चांगली डबी वाईट जागेत काही वाचवत नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली ग्रंथपाल आणि अभिलेखागारांसाठी सीडी हाताळणीची मार्गदर्शिका काढली. तिच्यात ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. घरात वर्षभर २० अंश राखणं बहुतेकांना शक्य नसतं. पण त्याच मार्गदर्शिकेत एक आणखी महत्त्वाची गोष्ट आहे: तापमान आणि आर्द्रता झपाट्याने बदलू नये. तासाला ४ अंश आणि आर्द्रतेत १० टक्के, एवढाच बदल चालेल. सीडीचे थर वेगवेगळ्या पदार्थांचे आहेत. गरम-थंड होताना प्लास्टिक वेगळ्या प्रमाणात फुगतं-आकसतं, धातू वेगळ्या. रोजच्या या ताणाने ते एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणून दिवसा एसी आणि रात्री बंद अशा खोलीपेक्षा, घराच्या मधल्या भिंतीला लागलेलं, सदा एकसारखं राहणारं बंद कपाट मला जास्त भरवशाचं वाटतं.

छताखालचा माळा, बाहेरची भिंत, न्हाणीघराच्या पाठची भिंत, खिडकीचा कट्टा, ॲम्प्लिफायरचं डोकं, उन्हात उभी गाडी: या जागा बाद. सगळ्यांत खालचा कप्पाही नको, पाणी शिरलं तर पहिलं तिथे येतं. कपाट पावडर कोटिंग केलेलं लोखंडी असेल तर उत्तम. नव्या पार्टिकल बोर्डमधून आम्ल वाफा सुटत राहतात. कपाटाला दार हवं, कारण राइट केलेल्या सीडीला प्रकाश नको.

एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, घेऊन कपाटात ठेवा आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ आकडा टिपा. आपल्या घराबद्दल जे वाटत होतं त्यापेक्षा तो बहुधा वेगळा निघतो. माझ्या पुस्तकांच्या कपाटात, जे मला कोरडं वाटायचं, ६८ टक्के दिसले. आर्द्रता ५० च्या वर राहत असेल तर घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, त्यात सीडीच्या डब्या उभ्या लावा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुडी सीडीला टेकता कामा नये. छोटा हायग्रोमीटर त्याच डब्यात ठेवा. आकडा ३० ते ४५ च्या आसपास राहिला की झालं. तो चढू लागला की पुड्या बदला किंवा पाकिटावर सांगितल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरा.

फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना अनेकांना सुचते. ठेवू नका. बाहेर काढल्याक्षणी थंड सीडीवर दव जमतं आणि लॅकरच्या कडेतून आत जातं. थंड जागेतून उबदार खोलीत सीडी आणलीच, तर डबा न उघडता काही तास तसाच राहू द्या.

नवीन सीडी राइट करत असाल तर

कोरी सीडीही म्हातारी होते, रंगद्रव्य न लिहिताही बदलतं. त्यामुळे ढिगाने घेऊन ठेवू नका. सोन्याचा थर आणि फ्थॅलोसायनाइन असलेली मिळाली तर ती घ्या. राइट करण्याचा वेग सगळ्यांत जास्त नको, मधला ठेवा. एका दमात पूर्ण राइट करून सीडी बंद करा, म्हणजे पुढे तिच्यात भर घालता येणार नाही अशी, आणि नंतर व्हेरिफाय जरूर करा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलींशी ताडून बघा. ७०० एमबीची सीडी काठोकाठ भरू नका. बाहेरच्या कडेलाच बोटं लागतात, तिथूनच ओल शिरते आणि तिथूनच थर सुटतो. शेवटचे ५०-६० एमबी कोरे सोडले तर ती कड तुमच्या मजकुराची राखण करते. एमडिस्क हे दीर्घायुषी तंत्र सीडीत येत नाही, ते डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी आहे.

ठरावीक काळाने पुन्हा बघणं

राइट केलेल्या सीडी मी दर दोन वर्षांनी पूर्ण वाचून काढतो. छापील सीडींपैकी काही नमुन्यादाखल दर पाच वर्षांनी. फाइलींच्या सीडीची नवी प्रतिमा काढून तिचा चेकसम जुन्याशी ताडला की प्रश्न मिटतो. काही ड्राइव्ह सीडीवरच्या चुकाही मोजून दाखवतात. सी१ म्हणजे सहज दुरुस्त झालेल्या चुका. त्या प्रत्येक सीडीत असतात. मानकाप्रमाणे त्यांची सरासरी सेकंदाला २२० च्या आत हवी. सी२ चुका दिसू लागल्या म्हणजे दुरुस्तीची पहिली फळी मोडली आहे. एकच आकडा बघून काही ठरवू नका, ड्राइव्हगणिक तो बदलतो. त्याच ड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वी किती होता आणि आज किती, हे बघा. वाढ दिसली की त्याच आठवड्यात नवी प्रत.

आणि ड्राइव्ह जपा. आता कित्येक कॉम्प्युटरमध्ये तो येतच नाही. यूएसबीने जोडायचे दोन चांगले ड्राइव्ह घेऊन ठेवा, ते धुळीपासून झाकून ठेवा आणि दर काही महिन्यांनी एखादी सीडी लावून चालवा. काम झालं की सीडी आत ठेवू नका, चालू ड्राइव्ह आतून चांगलाच तापतो.

वही

प्रत्येक सीडीसाठी एक नोंद. संगणकावर यादी ठेवा, पण कागदी वहीही ठेवा. ती उघडायला काही लागत नाही आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही वाचता येते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, तुम्हाला नमुना म्हणून:

क्रमांक ०१७. आजीच्या गोष्टी, चार. राइट २००४, सीडी-आर, खालून निळी. वर कागदी लेबल, एक कड सुटलेली, काढायची नाही. कडेला थर गेलेला, सात मिमी. पहिल्या तीन गोष्टी पूर्ण, चौथी सातव्या मिनिटाला थांबते. फ्लॅक प्रत हार्ड डिस्क २ वर, दुसरी प्रत ताईकडे. दोन्हींचे चेकसम जुळले. मूळ सीडी पुन्हा लावायची नाही. चौथी गोष्ट पुढे काय होती, मामाला आठवते. त्याच्याकडून रेकॉर्ड करून घ्यायची.